लॉनी प्रुइटचं एक बोट

लॉनी प्रुइटबद्दल ऑइलडेलमध्ये दोन मतं आहेत, आणि दोन्ही त्याच्या आईचीच आहेत. सकाळी, कॉफी पोटात जायच्या आधी, तो प्रुइट घराण्याला लागलेला गंज असतो. संध्याकाळी शेजारीण त्याच्याविरुद्ध एक शब्द बोलली, की मात्र त्याच्यासारखा मुलगा कर्न नदीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. बाकी गावानं स्वतःचं मत बनवायची तसदी कधी घेतलीच नाही. ओपलबाई प्रुइट आहेत तोवर तशी गरजही नाही.

बाई आता ऐंशीच्या. नवरा ऑर्व्हिल, देव त्याला वरही सुखात ठेवो, दिवसा टायर बदलायचा आणि शनिवारी नदीपलीकडच्या बारमध्ये पेडल-स्टील वाजवायचा. त्या वाद्याला दहा बोटं, दोन्ही पाय आणि वर दोन्ही गुडघे लागतात. ऑर्व्हिल वाजवायला बसला की पोटापाण्याला लागलेली धट्टीकट्टी माणसं बिअरच्या ग्लासात आसवं गाळायची. आमच्या या बेकर्सफील्ड भागात कंट्री संगीत म्हणजे कुळधर्मच. अशा घरात लॉनीनं विसाव्या वर्षी सात तारांची गिटार आणली, तिच्या तारा कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या ढिल्या केल्या, खालच्या तीन तारांवर एक बोट आडवं टाकलं आणि दणका दिला.

ओपलबाई हातातलं पीठ झटकत अंगणात पळाल्या. त्यांना वाटलं, मागच्या शेतातला तेलाचा पंप मोडला.

"पंपाला काय झालं रे?"

"काही नाही आई, मी वाजवतोय."

"अगं बाई! पंप परवडला असता."

बँडचं नाव रस्टलंग, म्हणजे गंज आणि फुप्फुस. दोन शब्द एकमेकांत कोंबून एक करायची तेव्हा फॅशन होती. गायला रस टॅकेट. अर्धं गाणं तो पुटपुटायचा आणि उरलेलं अर्धं किंचाळायचा, विषय बहुतेक जुलमी बाप. रसचे वडील पोस्टात होते, मुंगीला वाट देऊन चालणारे गृहस्थ. गाण्यातला तो बाप कुणाचा, हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. ड्रम आणि बेसवर दोघे भाऊ, जे एकमेकांशी बोलत नसत आणि म्हणूनच उत्तम वाजवत. आणि कोपऱ्यात, कानाला हेडफोन लावून, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरच्या चेहऱ्यानं उभा असायचा बेन्यात एचार्ट. त्याच्यापुढे तबकडी. ती तो मागेपुढे ओढायचा आणि 'कुंई' असा आवाज काढायचा. प्रत्येक गाण्यात साधारण दोनदा. बाकीचा वेळ तो मान हलवायचा. बेन्यात नक्की काय करतो, हे बँडमधल्यांनाही सांगता यायचं नाही.

पण काय दिवस होते ते! गल्लीतलं एकेक गॅरेज थरथरत असायचं. पोरांच्या एकेका विजारीत दोन बिऱ्हाडं राहिली असती, आणि खिशातल्या पाकिटाला बैलाला शोभेल अशी साखळी. लॉस एंजेलिसहून एक माणूस आला, बेन्यातच्या वडिलांच्या खाणावळीत लांबलचक टेबलावर बसून भरपेट जेवला, "फोन करतो" म्हणाला आणि गेला. जेवण त्याला खरंच आवडलं असावं.

मग एका वर्षात पंगत उठली. रेडिओ बदलला, केस कापले गेले, शहाण्यांनी लिहून टाकलं की न्यू मेटल, म्हणजे आमच्या पोरांचा हा दणका, हा संगीताला आलेला पुरळ होता. ज्यांच्या खोल्यांना रंग द्यायची गरज नव्हती, इतकी पोस्टरं भिंतींवर होती, तेच शपथेवर सांगू लागले, "आम्ही? छे, आमचा धाकटा भाऊ ऐकायचा."

लॉनीनं मात्र कधी हात झटकले नाहीत. तेलविहिरीवर कामाला लागला, ट्रकमध्ये रस्टलंगची तीच जुनी कॅसेट. सोबतचे हसायचे तर तोही हसायचा आणि आवाज वाढवायचा. ऑइलडेलमध्ये सतराव्या वर्षी छातीत जे काही अडकून बसतं, त्याला कंट्रीत शब्द नव्हते. कंट्रीतला माणूस दारू पिऊन समजूतदार होतो. सतरा वर्षांच्या पोराला समजूतदारपणा नको असतो, त्याला कुणीतरी आपल्यासोबत ओरडायला हवं असतं. लॉनीला ते मिळालं होतं, आणि खाल्ल्या मिठाला तो जागला. या एका बाबतीत मी त्याला मोठ्या मोठ्या निष्ठावंतांच्या रांगेत बसवतो.

पुढे विहिरीवर यंत्राच्या साखळीत त्याचा डावा हात सापडला. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी गेली. कंपनीनं त्याला पाण्याचा टँकर चालवायला दिला, आणि गिटार पलंगाखाली गेली. तेव्हापासून गावानं न ठरवता एक गोष्ट ठरवली. लॉनीसमोर गिटारचं नाव काढायचं नाही. ऑइलडेलला गप्प बसता येतं, हा शोध आम्हालाही नवीनच होता.

गेल्या दोन वर्षांत मात्र चक्र फिरलं. कॉलेजची पोरं पुन्हा त्याच विजारी घालू लागली. लॉनीच्या जुन्या विजारीनं ओपलबाई इतकी वर्षं गाडी पुसत होत्या, त्यावरून एक मुलगी त्यांच्याशी भांडून गेली. वाणसामानाच्या दुकानात, कांद्यांच्या शेजारी, ती किंकाळी मंद आवाजात वाजू लागली. आणि मग ऑगस्टात रस टॅकेट डोनटचा खोका घेऊन लॉनीच्या ओसरीवर आला. रस आता विमा विकतो. किंचाळायची सवय तिथेही उपयोगी पडत असावी.

"जत्रेवाल्यांचा फोन होता," रस म्हणाला. "रस्टलंग हवाय त्यांना. मोठ्या स्टेजवर."

"किती वाजता?"

"पाच."

"सप्टेंबरच्या पाचच्या उन्हात? कुणाचा विमा उतरवून आलायस, लेका?"

रस हसला, मग डोनटकडे बघत म्हणाला, "गिटारला माणूस बघितलाय. विसेलियाचा दातांचा डॉक्टर आहे, मर्ल फुगेट. आपली सगळी गाणी पाठ. तुझी हरकत नसेल तरच. आणि तू शेवटच्या गाण्याला वर ये. काही करायचं नाही. लोकांना नुसता हात दाखव."

शब्द सुटून गेल्यावर रसच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. लॉनीचा डावा हात आपसूक खिशात गेला.

"घे त्याला," लॉनी म्हणाला. "मला काय त्याचं. पोरकटपणा होता सगळा. मेलं ते संगीत, पुरूनही झालं."

जाळीच्या दारामागून आवाज आला, "मेलं? आणि मला कुणी कळवलं नाही ते!"

रस डोनट ठेवून पसार झाला. ओपलबाई बोलायला लागल्या की विमेवालाही जोखीम घेत नाही.

रात्रीच्या जेवणाला बाईंनी भट्टीतून काढलेली पावासारखी बिस्किटं आणि रस्सा वाढला, आणि लॉनीचं तोंड भरलंय हे बघून विचारलं, "तुला वाजवायचं नाही, की वाजवता येत नाही?"

"आई, हात बघ."

"बघितलाय. महिनाभर पट्ट्या मीच बदलत होते. कुठलं बोट राहिलंय?"

"हे. अंगठ्याशेजारचं."

"आणि वाजवायचास कुठल्या बोटानं?"

लॉनी घास चावायचा थांबला.

"तुझा बाप दहा बोटं, दोन पाय आणि दोन गुडघे लावून एक गाणं वाजवायचा. तू जन्मभर एका बोटावर भागवलंस. बारमधले सगळे मला विचारायचे, ओपल, पोराला बाकीची बोटं दिलीस कशाला? लाजेनं मान खाली जायची माझी. आता देवानं बिनकामाची तेवढी नेली आणि कामाचं ठेवलं, तर तू रडत बसलास. मेल्या, एवढा हिशेबी देव कुणाच्या वाट्याला येतो?"

लॉनी ताट सरकवून उठला. दार आपटलं. बाईंनी शांतपणे दुसरं बिस्किट घेतलं. बऱ्याच वेळानं मागच्या खोलीतून असा दणका आला की कपाटातल्या बशा एकमेकींना भेटल्या. ओपलबाईंनी हात लांब करून आपला कंट्रीचा रेडिओ बंद केला. एके काळी या गिटारच्या आवाजावर मात करायला त्या तोच मोठा करायच्या.

पण एक बोट पुरतं, हे अर्धंच खरं होतं. लॉनीच्या प्रत्येक गाण्यात बारीक तारांवर एक विचित्र रडका सूर असायचा, भिंतीत मांजर अडकल्यासारखा. लोक ज्याला रस्टलंग म्हणत ते खरं तर तेच होतं, आणि त्याला ती तिन्ही गेलेली बोटं लागत. चार दिवस झगडून लॉनी बेन्यातच्या खाणावळीत गेला. आता ती बेन्यात चालवतो.

"दणका जमतो," लॉनी म्हणाला. "मांजर जमत नाही. त्या दंतवैद्यालाच उभा करा."

बेन्यातनं त्याच्यापुढे बैलाच्या शेपटीचं सूप ठेवलं. "मला इतकी वर्षं सगळे विचारतात, तू बँडमध्ये नक्की काय करायचास? परवा माझ्या मुलीनं विचारलं. बायकोनं तर लग्नाआधी विचारलं होतं, अजून वाट बघतेय."

"मग?"

"मग तुझं मांजर माझ्याकडे आहे, गाढवा. जुन्या कॅसेटवर."

बेन्यातनं त्या कॅसेटवरून फक्त तेवढे रडके सूर उचलले आणि लॉस एंजेलिसहून त्यांची एक तबकडी बनवून आणली. खाणावळीच्या मागच्या खोलीत दोघे उभे राहिले. लॉनीनं खालचा दणका दिला आणि बेन्यातनं तबकडी ओढली. समोरच्या भिंतीपाशी ठेवलेल्या स्पीकरमधून लॉनीची विशीतली बोटं वाजू लागली.

लॉनी थांबला.

"चुकलो?" बेन्यातनं विचारलं.

"नाही. घाई करतोयस. शेवटाआधी मी जरा अडून राहायचो."

"किती?"

"श्वास घेण्याइतका. पुन्हा कर."

तालमीला डॉक्टर फुगेट महागडी गिटार घेऊन आला होता. त्यानं एक गाणं ऐकलं आणि गिटार पेटीत ठेवून कुलूप लावलं. रस गडबडला, "डॉक्टर, अहो, थांबा..." फुगेट म्हणाला, "जागचा दात शाबूत असताना मी वर दुसरा बसवत नाही. मी खाली गर्दीत नाचतो. तिथं कुणाला तरी माझी गरज लागेलच."

जत्रेच्या दिवशी ऊन असं होतं की डुकरांच्या गोठ्यात पंखे आणि स्टेजवर नाही. समोर सगळे पंचेचाळिशीचे, गुडघ्यांना पट्टे, नाकाला पांढरं मलम. त्यांच्यात मिसळलेली विशीतली पोरं, आजोबांच्या मापाच्या विजारींत. सगळ्यात पुढे घडीच्या खुर्चीवर ओपलबाई, झालरीचा पांढरा शर्ट घालून, दोन्ही कानांत लांबूनही दिसतील एवढे कापसाचे बोळे.

लॉनी वर आला. गिटार वाजवताना डावा हात खिशात ठेवता येत नाही. त्यानं तो गिटारच्या मानेवर ठेवला आणि सगळ्या गर्दीला तो दिसला. मग त्यानं बोट आडवं टाकलं.

तीन गाणी अशी झाली की काय सांगावं. रस खरोखर कुणावर तरी चिडल्यासारखा किंचाळला. गर्दीच्या मध्यभागी, या संगीताच्या रिवाजाप्रमाणे, माणसं नाचता नाचता एकमेकांवर आदळत होती. एक नर्स पडली तर सगळे जागच्या जागी थांबले, तिला उभं केलं, चष्मा शोधून दिला आणि पुन्हा आदळू लागले. बेन्यात घामानं निथळत होता, पण चेहऱ्यावर असं तेज, जसं काही बायको बघतेय. ती बघतच होती.

चौथं गाणं शेवटचं. दणका आला, मांजर आलं नाही. बेन्यातनं खाली बघितलं. भर उन्हात उघड्यावर ठेवलेली तबकडी पापडासारखी वाकडी झाली होती आणि सुई तिच्यावरून घसरत होती. इतकी वर्षं गॅरेजात वाजवलेल्या माणसाला उन्हाची आठवण कुठून राहणार! त्यानं लॉनीकडे बघून दोन्ही हात वर केले.

लॉनीचं बोट थांबलं नाही, पण चेहरा उतरला. मांजराची पुढची वेळ येत होती. ती जागा रिकामी जाणार, हे त्याला आठ मात्रा आधीच दिसत होतं.

आणि गर्दीतून कुणीतरी ते मांजर तोंडानं काढलं, "कुंईंऽऽ." दुसऱ्या वेळी शंभर जणांनी. तिसऱ्या वेळी विमेवाले, नर्सा, शाळेचे बसचालक, गाड्यांचा वेग मोजत उभे राहणारे पोलीस, ज्यांच्या धाकट्या भावांनीच म्हणे हे संगीत ऐकलं होतं ते सगळे, शिरा ताणून मांजरासारखे रडत होते, आणि एकानंही सूर चुकवला नाही. फक्त शेवटाआधीची ती थांबायची जागा सगळ्यांची हुकत होती. चौथ्या वेळी ओपलबाईंनी कानातले बोळे काढले, खुर्चीवरून उठल्या, मागे वळून हात उंच धरला आणि अख्ख्या जत्रेला श्वासभर अडवून ठेवलं. मग हात खाली आणला. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून त्यांना ते बरोब्बर ठाऊक होतं.

लॉनी हसत होता की रडत होता हे घामामुळे कळलं नाही. गाणं संपायला हवं होतं, संपेना. जत्रेचा एक टोपीवाला कार्यकर्ता स्टेजच्या कडेला येऊन घड्याळावर टिचक्या मारू लागला, पुढचा कार्यक्रम मेंढ्यांच्या बक्षिसांचा होता. त्यानं रसला खुणावलं, रसनं लॉनीकडे बोट दाखवलं. लॉनीनं त्याच्याकडे पाठ फिरवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

कार्यकर्ता वीज बंद करायला निघाला, तर वाटेत झालरीचा पांढरा शर्ट आडवा आला.

"बस जरा बाळा," ओपलबाईंनी आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "माझा मुलगा वाजवतोय."