बटव्यात मावेल एवढं

कान इकडे कर गं. नातीनं आजीवर फोनवरून ओरडू नये, "या वयात रिव्हॉल्व्हर कशाला?" म्हणून.

परवाना मिळाला, तशी दुकानात गेले. काचेखाली छोटी रिव्हॉल्व्हरं दागिन्यांसारखी मांडलेली. दुकानदार म्हणाला, "आजी, चाप ओढायला जोर लागतो."

म्हटलं, "चाळीस वर्षं अडकित्ता चालवलाय."

बटव्यातला अडकित्ता काढला आणि त्या जागी मावेल तेच घेतलं. गंमत बघ, जीव वाचवायची वस्तू निवडताना स्वतःचा जीव एकदाही आठवला नाही. माझं मंगळसूत्र ओढून "गप, म्हातारे" म्हणणारा तोच डोळ्यांपुढे होता. अजून याच गल्लीत हिंडतो मेला. एकदा त्याला घाबरलेला बघायचंय.

लवकर भेटायला ये. फक्त बेल वाजवू नकोस. बाहेरूनच "आजी" म्हणून हाक मार.