सापडलं ते लिहिणारी

“काकू, जंतूंनाही माहेरचं नाव असतं,” ती चष्मा डोक्यावर सरकवून म्हणायची. “ते ठाऊक नसेल तर त्यांचं अर्धं आयुष्य सापडतच नाही.”

सांवेर रोडवरच्या आमच्या कारखान्यात सोयाबीनच्या बियाण्याला चोळायचं जिवाणूंचं कल्चर बनायचं. मी आवक-जावकला. माझं शिक्षण म्हणाल तर आलेले कागद वाचून वाचूनच झालेलं. ती महूची, फौजीची नात. तिचं काम काय, तर आपण ज्याला नवीन म्हणतोय ते जगात आधी कोणी केलंय का, हे जुने शोधनिबंध अन् पेटंटं धुंडाळून बघायचं. आता सांगा, याचा पगार! मला आधी हसूच यायचं.

मग एकदा तिनं दाखवलं. सोयाबीनच्या मुळांत राहणाऱ्या जंतूचं नाव शास्त्रज्ञांनी मधेच बदललं. नुसतं नवीन नाव टाकलं की जुने कागद हाती लागत नाहीत.

“म्हणजे माझ्या शाळेत मला सासरच्या नावानं शोधल्यासारखं की!” मी म्हटलं. ती इतकी खूश झाली की स्वतःची अर्धी कचोरी मला दिली.

तर आमच्या साहेबांनी कल्चर पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, कोळशात मिसळलं अन् ते भर मे महिन्यातही जिवंत राहिलं. साहेब नाचायचेच बाकी! पेटंटचा अर्ज जायच्या आधीच पाकिटं छापून आली, वर ‘हमारी अपनी खोज’. आता ‘आधी कोणी केलेलं नाही’ एवढा तिचा रिपोर्ट हवा होता.

तिनं जंतूचं जुनं नाव टाकलं. एका कृषी कॉलेजच्या जुन्या अंकात दोन पानं निघाली. तोच कोळसा, तेच कल्चर. लिहिणारी कोणी विद्यार्थिनी.

“अरे यार मॅडम, दोन पानं तर आहेत. काढून टाका. कोण बघतंय?”

“मी बघितलं ना, सर.”

“पाकिटं छापलीत माझी!”

“त्या पोरीनं आधी करून बघितलंय. तिचं नाव राहणार.”

“मग तुम्ही नाही राहणार.”

“चलेगा, सर.”

मी टपाल घेऊन दारातच उभी. तिचं घर तिच्या एकटीवर होतं, हो!

तिनं रिपोर्ट छापला, ती दोन पानं सगळ्यात वर लावली, सही ठोकली अन् माझ्यापुढे ठेवला. “काकू, आवक करा.” नंबर पडलेला कागद गायब करता येत नाही, हे मीच तिला शिकवलेलं. मी असा शिक्का हाणला की टेबलावरचा ग्लास हलला.

“काकू, ये क्या किया?” साहेब धावत आले.

“कागद आला, नंबर पडला, साहेब.”

दुसऱ्या दिवशी तो वकिलाकडे मीच धाडला. अर्ज बारगळला. साहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. नका बोलू!

ती आता कुठे आहे, ठाऊक नाही. मी पाहिली ती शेवटची, तिला कामावरून काढलं त्या दिवशी, गेटाबाहेर. भर दुपार, खांद्याला पर्स, अन् सांवेर रोडवर ट्रकांच्या मधून ताठ चाललेली. मागचे हॉर्न वाजवत होते. ती बाजूला झाली नाही.