रिकाम्या घराचे पडदे

कारखाने बंद पडल्यावर डेट्रॉइट सोडून गेलेल्यांना मी नावं ठेवत नाही. पण राहिलेल्यांना कोणी वेडं म्हटलं की माझं डोकं फिरतं. आमच्या व्हर्डेलबाई त्या वेड्यांतल्या. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेला, आता ऐंशीला टेकल्यात. त्यांच्या शेजारचं पेटवे कुटुंब अटलांटाला गेलं आणि त्यांचं घर रिकामं पडलं.

रिकाम्या घराचं काय होतं ते आमच्या गल्लीला पाठ आहे. आधी चोर तांब्याचे पाइप उपटून नेतात, मग कोणीतरी आग लावतं, मग बुलडोझर येतो. बाईंच्या मुलाने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं, की पेटवेंचं घर पाडलं गेलं तर गाशा गुंडाळून त्याच्याकडे टेक्सासला यायचं. बाई कसल्या जातायत! त्यांनी पेटवेंच्या खिडक्यांना आपले पडदे लावले, गवत कापलं, पायऱ्यांवरचा बर्फ काढला, आपली जुनी ब्यूइक गाडी त्यांच्या दारात लावली. भुतांची सोय चालवलीय का, असं मी चिडवायचो. त्या ढुंकूनही बघायच्या नाहीत. चोर मात्र फिरकले नाहीत.

मग चर्चमध्ये कळलं. एक नर्स नवऱ्याला आणि मुलीला घेऊन ते घर बघायला येऊन गेली होती. पडदे आणि गाडी बघून तिला वाटलं, इथे तर माणसं राहतात. दार न वाजवताच परतली.

"म्हणजे लोकांना मीच हाकलतेय की," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पार उतरला.

घर रिकामंच आहे, असा त्यांनी नर्सला निरोप धाडला, पडदे काढले, गाडी हलवली. मी वैतागलो. म्हटलं, हे चोरांना आवतणच झालं. त्या आपली खुर्ची उचलून पेटवेंच्या ओसरीवर जाऊन बसल्या. रोज, दिवसभर. एकदा ट्रकमधून दोघं उतरले, हातात पाइप खोलायचे पाने, करवती. बाई उठल्यासुद्धा नाहीत.

"पाइप हवेत? आधी मला उचला."

ते शिव्या देत निघून गेले. मी माझ्या दारातून बघत होतो; लाजच वाटली हो. मीही खुर्ची आणून बाईंच्या शेजारी मांडली.

शनिवारी नर्स आली. गाडीतूनच विचारलं, "आजी, सगळे सोडून जातायत म्हणे इथून?"

"जाणारे गेले," बाई म्हणाल्या. "आम्ही कुठेही जात नाही. तुझं बोल."

नर्सने इंजिन बंद केलं आणि मागे बसलेल्या मुलीला म्हणाली, "चल, उतर."