कांद्याच्या फळीची पाचर

सुलक्षणा खांबेटेला किळस यायला फार काही लागत नसे. लंडनच्या विमानतळाजवळ हाउन्सलोत येऊन बावीस वर्षं झाली, तरी इथली माणसं रस्त्यावरचे बूट घालून गालिच्यावर चालतात, त्याच बुटांनी सोफ्यावर पाय घेतात, हे बघितलं की तिला आजही शिसारी येई. कामही तिला साजेसंच मिळालं होतं. विमानात जाणाऱ्या जेवणाचे ट्रे तपासायचे. एक केस दिसला की अख्खा ट्रे कचऱ्यात. दुसऱ्या बायका चिडत. सुलक्षणा म्हणे, तुम्ही खाल का तो? मग गप्प बसा.

आणि अशा बाईला नवरा कोण मिळावा, तर पद्माकर. विमानतळावरचे सामानाचे पट्टे दुरुस्त करायचा आणि घरी येऊन उरलेल्या जगाला ठिगळं लावायचा. रिमोटला रबरबँड, चष्म्याला चिकटपट्टी, नळाच्या गळतीला तिच्याच जुन्या पेटीकोटाची चिंधी. नवीन वस्तू आणायची म्हटलं की या माणसाच्या जिवावर येई. त्याच्या उचापतींचा तिला वीट आला होता, आणि ती तसं तोंडावर सांगायची.

त्यात २००४ साली त्यांच्या तनूचं स्कीइंगचं वेड शिगेला पोचलं. बर्फ कुठला इथे? प्लॅस्टिकच्या ब्रशांचा एक उतार, त्यावरून पोरं घसरत खाली येतात. शाळेचा संघ निवडायचा होता आणि तनूला त्यात जायचंच होतं. आधीच्या वर्षी ती अगदी थोडक्यात राहिली होती, आणि आठवडाभर धड जेवली नव्हती. ते उतरलेलं तोंड सुलक्षणाला परत बघायचं नव्हतं.

अडचण पायांतच होती. तनूचे गुडघे आईसारखे, आत वळलेले. स्कीचे बूट म्हणजे टणक प्लॅस्टिक. त्यात पाय घट्ट बसला की गुडघे आणखी आत जात, स्की तिरकी होई आणि डाव्या वळणावर पोरगी आपटे. बूट नीट बसवून देणारा माणूस निवड होऊन गेल्यावरची वेळ देत होता. पद्माकर म्हणाला, कशाला हवाय तो? पावलाच्या आतल्या कडेखाली बारीक पाचर घातली की गुडघा येतो बाहेर.

बूट त्याने कार बूट सेलमधून, लोक गाडीच्या डिकीतून जुनंपानं विकतात तिथून, आणले होते. कुणा परक्याच्या पायात वर्षानुवर्षं आंबलेले. त्यांच्या आत गादीसारखा मऊ बूट असतो, लायनर म्हणतात त्याला. पद्माकरने तो बाहेर ओढला आणि घरभर असा वास सुटला की सुलक्षणाने कडाक्याच्या थंडीत सगळ्या खिडक्या उघडल्या. आधी त्याने पबमधले ग्लासाखालचे पुठ्ठे घातले, ते घामाने भिजून लगदा झाले. मग जुन्या चपलेचा तळ कापला, तो दबून चपटा झाला. शेवटी तिची कांदा चिरायची पांढरी फळी कापून, कानशीने घासून, त्याने एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ अशा दोन पट्ट्या केल्या. कांद्याची फळी, मेली, पायाखाली! सुलक्षणाच्या डोक्यात तिडीकच गेली.

निवडीच्या आदल्या संध्याकाळी त्याने पट्ट्या लायनरच्या तळाला गोंदाने चिकटवल्या, लायनर पॅसेजमध्ये वर्तमानपत्रावर पालथे ठेवले आणि तो रात्रपाळीला गेला.

सुलक्षणा कामावरून आली. दार उघडते तर समोर पायताणं, तीही उलटी. उलटी चप्पल दिसली की घरात भांडण होतं, हे तिच्या आईने तिच्या हाडीमाशी रुजवलेलं. हात लावायची सोयच नव्हती. तिने हातावर पिशवी चढवली, श्वास रोखला आणि दोन्ही लायनर सरळ केले. ओल्या गोंदातून पट्ट्या सुटून कागदाला चिकटल्या. कर्म माझं, म्हणत तिने त्या उचलल्या, दिसतील तशा परत थापल्या आणि लायनर सरळ उभे करून टाकले. पाचरीला जाड बाजू असते आणि ती कुठे हवी, हे बघायला नाक उघडावं लागलं असतं.

सकाळी उतारावर दोन फेऱ्या होत्या, दोन्हींतली चांगली धरणार होते. पहिलीत तनू दुसऱ्या वळणावरच कोसळली, कोपर सोलवटून उठली आणि लंगडत बापापाशी आली.

"बाबा, तू माझी वाट लावलीस. गुडघा आणखी आत जातोय."

माझंच मोजमाप चुकलं असेल, असं पुटपुटत पद्माकरने लायनर ओढून उलटा केला. जाड बाजू बाहेरच्या कडेला होती, आणि पट्टीखाली वर्तमानपत्राचा तुकडा. सुलक्षणाने तो ओळखला. नवरा खाली मान घालून तिच्या वाटणीचं ऐकून घेत होता. आयुष्यभर तिने जगाची किळस केली. त्या क्षणी तिला स्वतःची आली.

"ते नाही चुकले," ती म्हणाली. "मी सरळ केले काल. उलटे होते म्हणून."

दुसऱ्या फेरीसाठी नावं पुकारायला लागले होते. गोंद वाळून दगड झाला होता. पद्माकरची नखं मुळापर्यंत कापलेली, पट्टी हलेना. सुलक्षणाने लायनर हिसकावला. बोटं घामावर सटकली. मग तिने तो ओला, आंबूस, परक्या पायांचा लायनर तोंडापाशी नेला, पट्टीची कड दातांत धरली आणि ओढली. दुसरीही तशीच. पद्माकरने खिशातली चिकटपट्टी काढून पाचरी योग्य बाजूने बांधल्या. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

त्या फेरीत तनू पडली नाही. संघात तिचं नाव सगळ्यात शेवटी घेतलं, पण घेतलं. सुलक्षणा तेव्हा संडासाच्या बेसिनवर ओकत होती.

घरी आल्यावर पद्माकरने घामेजलेले लायनर वाळवायला पालथे घातले, आणि बायकोच्या धाकाने लगेच सरळ करायला वाकला.

"राहू द्या उलटेच," ती दात घासता घासता म्हणाली. "काय भांडण व्हायचं ते होऊ दे."