पहिल्या पानावरचा हार

वेबसाइट करायला मी मंचरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकलो आणि पुढं तेच काम करायला लागलो. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. ज्याला त्याला वेबसाइट हवी, आणि तीही लग्नपत्रिकेसारखी. वर कुलदैवत, खाली आजोबा-पणजोबा, मग सगळी भाऊकी. माल काय विकता, फोन कुठं करायचा, ते शेवटी, जागा उरली तर. माझं डोकं फिरायचं. "अहो, माणूस कामासाठी येतो, तुमची वंशावळ वाचायला नाही!" लोक हसायचे आणि आणखी एक फोटो हातात द्यायचे.

माझी थोरली बहीण तळेघरला दिलेली. आम्हीही मूळचे डोंगरातलेच. वडील मजुरीसाठी कळंबला उतरले ते तिथलेच झाले. भीमाशंकरला रानातून चालत जाणारी पुण्याची पोरं ताईकडं जेवायला, मुक्कामाला थांबायची. ताई रांधायची, दाजी वाट दाखवायला पुढं चालायचे. एका उन्हाळ्यात दाजी तापानं गेले. पोरबाळ नव्हतं. पोरांचं येणंही थांबलं.

वडील तिला म्हणाले, "दिवाळीपत्तुर बघ. पावणं आलं तर ठीक, न्हाईतर कुलूप लाव न् चल माझ्यासंगं." ताईला ते घर सोडायचं नव्हतं. दुसरं काही तिनं मागितलंच नाही. म्हणून मी तिची वेबसाइट करायला घेतली.

"पयल्या पानावर ह्यांचा फोटो लाव," ती म्हणाली. मी म्हटलं, "ताई, आधी जेवणाचं, राहण्याचं लिहू." तर म्हणते, "घर त्यांनी बांधलं, न् त्यांच्या आधी भाकरीचा फोटो लावतोस व्हय रं?" लावला, कपाळ माझं! हार घातलेला मोठा फोटो, खाली 'कै.' लावून नाव, आणि फोन नंबर पार तळाला. आमच्याकडं दुकानात गल्ल्यामागं असाच फोटो असतो, कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

पावसाळा सरत आला तरी फोन आला तो एकच. पूर्वी जेवून गेलेला कुणी मुलगा होता. "काकू, वेबसाइटवर कळलं. फार वाईट झालं हो. आता बंदच केलं असेल ना तुम्ही?" ताईला 'चालू आहे' एवढंही म्हणवेना. "काळजी घ्या," म्हणून त्यानं फोन ठेवला.

ताईनं हे मला फोनवर सांगितलं आणि मी मिळेल ती एसटी धरून तळेघर गाठलं. "ताई," मी म्हटलं, "आपण खानावळीची पाटी लावायची सोडून दुखवट्याची बातमी लावलीय गं."

ती उसळलीच. "म्हंजी आता त्यांना पुसून टाकू? येवढंच राह्यलं व्हतं!"

मला काय हौस होती का? मला ओढ्यात पोहायला दाजींनीच शिकवलेलं. बोलता बोलता मलाही रडू फुटलं. "पुसायचं नाही गं. आतल्या पानावर घेऊ. घराबद्दल ज्याला वाचावंसं वाटेल त्याला तिथं दाजी भेटतील. पण पहिल्या पानावर आधी कळू दे की चूल पेटती आहे."

तिनं चुलीत लाकूड सारलं. मग डोळे पुसून म्हणाली, "लिही. जेवान काय मिळतं ते लिही. एसटी चुकली तर लई चालावं लागतं, त्ये बी लिही. लपवू नगं, माणसं शिव्या देत्यात."

मी तसंच केलं. नंबर सगळ्यात वर, पांढऱ्यावर काळी ठसठशीत अक्षरं. फोटो मोजकेच आणि हलके, कारण तेव्हा फोनच्या वायरीवरून जड पान उघडेपर्यंत माणूस वैतागून निघून जायचा. ताई दारात उभी आहे असा एक फोटो लावला. तो काढताना ती हसली नाही, मीही हस म्हटलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर वडील तिला न्यायच्या तयारीनंच आले. मीही सोबत होतो. ताईनं कपडे पिशवीत भरले होते, भांडी पालथी घातली होती. तेवढ्यात खिडकीतला फोन वाजला. वडिलांनी उचलला, ऐकलं आणि माझ्यापुढं धरला. "मालकाला द्या म्हंत्यात."

मी हात पुढं करायच्या आत ताईनं फोन घेतला. एका हातानं पदर खोचला. मग म्हणाली, "बोला. मीच हाय मालक. कितीजण येताय?"

वडील उंबऱ्यावर बसून तिच्याकडं बघत राहिले. तिनं फोन ठेवल्यावर खाकरले आणि म्हणाले, "मग सरपान लागंल की. कुऱ्हाड कुठं ठिवलीया?"