गजभियेंची दरी

मी मस्कतला अल मवालेहच्या मार्केटात भेंडी निवडत होतो, तेव्हा फोन आला. मशीन बंद पडलं म्हणून सुट्टीच्या दिवशी रुसैलच्या आमच्या कारखान्यात गेलेले गजभिये काम आटोपून कँटीनमध्ये चहाला बसले, आणि बसल्या जागीच गेले. मी "बरं" म्हणालो. उरलेली भेंडी निवडली, कोथिंबीर घेतली, पिशव्या गाडीत नीट लावल्या. घरी बायकोला सांगितलं तेही, गॅस संपलाय, अशा आवाजात. गजभियेंच्या पत्नी सुषमावहिनी त्यांना घेऊन नागपूरला गेल्या. विमानतळावरच्या कागदांवर सह्या मीच केल्या. आता सात आठवडे झाले. रडू आलेलं नाही...

गजभिये मेंटेनन्सचे इंजिनियर, पण मस्कतमधल्या मराठी घरांना ते माहीत होते दरी दाखवणारे म्हणून. किनाऱ्यावरच्या सहमपासून आत, डोंगरात एक दरी आहे. तिथे बोरीच्या जुन्या झाडाखाली एका सत्पुरुषाची कबर, आणि कबरीच्या वरच्या अंगाला पाण्याचं कुंड. कुंडातून निघालेल्या दगडी पाटावर, तिथल्या भाषेत फलजवर, खालचं गाव जगतं. कुंडातलं पाणी घरात कुणी आजारी असलं की नेतात. बाहेरच्यांना तिथे सहसा येऊ देत नसत. पण गजभिये एकटेच भटकत तिथे पोचले होते आणि गावातल्या सालेमबाबांशी त्यांचं जमलं होतं. बाबा तरुणपणी मुंबईत राहून आलेले, त्यामुळे हिंदी बोलत. त्यांच्या परवानगीने गजभिये महिन्यातून एका शुक्रवारी पंधरा-वीस जणांना नेत. झाडापाशी सगळ्यांना चपला काढायला लावत आणि सांगत, "कुंडाला हात लावायचा नाही. पाहायचं."

एकदा कुणीतरी हसून म्हणालं, "गजभिये, तुम्ही तर हे काही मानत नाही!"

"मी नाही मानत. पण म्हातारा मानते ना! त्याच्या घरात उभे आहो आपण."

ओमानात गुरुवार-शुक्रवारची सुट्टी शुक्रवार-शनिवार झाली, त्या वर्षीची गोष्ट. पुण्याहून माझे दोन मित्र आले होते. ऊन फार होतं. गजभिये मागे एका आजींना हात धरून आणत होते, आणि मी मित्रांना घेऊन पुढे कुंडापाशी पोचलो. त्यांच्यासमोर मला जरा मिरवायचं होतं, एवढंच. शर्ट काढून उतरलो. बॅगेत साबण होता, तोंड धुतलं... बाहेर येऊन अंग पुसेपर्यंत एक बाई घागर घेऊन वर आली. पाण्यावरचा फेस पाहून थांबली, आणि रिकामी घागर घेऊन परत खाली गेली. थोड्या वेळाने सालेमबाबा आले. ओरडले नाहीत. गजभियेंना बाजूला घेऊन काही विचारलं, मग म्हणाले, "खलास. अब कोई नहीं आएगा."

परतताना गाडीत मी म्हणालो, "एवढं काय झालं हो..."

"तिची पोरगी तापाने पडली आहे, कर्णिक," एवढंच म्हणाले. त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.

पाच महिने दरी बंद होती. मग एका गुरुवारी त्यांचा मेसेज आला, उद्या जायचं. म्हाताऱ्याचा राग निवळला असेल असं मी धरून चाललो. पुढेही गेलो त्यांच्याबरोबर, पण सालेमबाबा दिसले की घोळक्यात मागे राहायचो.

गेल्या आठवड्यात मंडळींचे फोन सुरू झाले, आता कोण नेणार म्हणून. बाबांना कुणी कळवलंय का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शुक्रवारी सकाळी मी एकटाच गेलो.

"मुहंदिस किधर?" सालेमबाबांनी विचारलं. इंजिनियर म्हणजे त्यांचा मुहंदिस.

मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मग ते उठून मला घरामागच्या खोलीत घेऊन गेले. दाराआड गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट ठेवले होते.

"उसका है," म्हणाले. आणि मग हळूहळू सांगत गेले. दरी बंद केली त्या पाच महिन्यांत मुहंदिस दर शुक्रवारी एकटा येई. गावकऱ्यांबरोबर पाटात उतरून गाळ काढी. पहिले तीन शुक्रवार बाबा त्याच्याशी बोलले नाहीत. चौथ्या शुक्रवारी त्याच्या पायाला दगड लागला, तेव्हा हे बूट दिले. दरी पुन्हा उघडल्यावरही मधूनमधून तो गाळ काढायला यायचाच.

"मैंने उसी दिन पूछा था, साबुन किसने डाला. बोला, मैंने."

बाहेर कुणीतरी बकऱ्या हाकत होतं, ते संपेपर्यंत मी थांबलो.

"बाबा, वो मैं था."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली, माझ्या पावलांकडे. "तेरे को होगा ये?" त्यांनी विचारलं.

मी बूट चढवले. आत गजभियेंच्या टाचेने खोलगट जागा केली होती; माझी टाच तिच्यात नीट बसेना. तसाच पाटात उतरलो. पाणी थंड होतं. गावातली दोन माणसं सरकली, मला जागा झाली, आणि जुम्याच्या नमाजाची वेळ होईपर्यंत मी गाळ उपसत राहिलो. रडू तेव्हाही आलं नाही.

निघताना बूट धुतले, गाडीकडे न्यायला लागलो.

"उधर ही रखो," सालेमबाबा म्हणाले, आणि घरामागच्या खोलीचं दार उघडून उभे राहिले.