डी दौंडचा, डी दोडक्याचा

रोहिदास आप्पांना फोनवर इंग्रजी स्पेलिंग सांगताना ऐकणं म्हणजे पॅसेंजर गाडीनं प्रवास करणं. दर अक्षराला एक स्टेशन. स्वतःचं नाव सांगायचं झालं की ते रांजणगाव रोडहून सुटायचे आणि एकही थांबा न गाळता शेवटच्या अक्षराला लागायचे. केंदूरच्या पारावरची पोरं त्यांच्या मागं नकला करायची. करू देत. आप्पांनी कधी मनावर घेतलं नाही.

आप्पांची सगळी नोकरी दौंडच्या यार्डात ट्रेन क्लार्क म्हणून गेली. मालगाडी येऊन उभी राहिली की तिच्या कडेनं चालत जायचं, डब्यांवरची इंग्रजी अक्षरं आणि आकडे उतरवून घ्यायचे आणि फोनवरून पुढच्या जंक्शनला कळवायचे. त्या फोनची खरखर अशी, की बी, डी, पी, टी ही सगळी एकाच आईची लेकरं वाटायची. त्यावर उपाय म्हणून रेल्वेच्या पुस्तकात अल्फा, ब्राव्हो, चार्ली असे शब्द दिलेले होते, पण ते साहेबी शब्द यार्डातल्या जिभेवर काही बसेनात. मग आप्पांनी आपल्या लाइनीवरची स्टेशनंच कामाला लावली. डी दौंडचा, पी पाटसचा, के केडगावचा, वाय यवतचा, ए अकोळनेरचा. हळूहळू त्यांना या गोष्टीचा नादच लागला. एखाद्या अक्षराला चांगलं स्टेशन सापडलं की बढती मिळाल्यासारखा माणूस दिवसभर खुशीत असायचा.

यार्डातला आणखी एक नियम होता आणि तो फार कडक होता. ऐकणाऱ्यानं सगळं परत म्हणून दाखवायचं. सांगणाऱ्यानं ‘बरोबर’ म्हणायचं. मगच फोन खाली ठेवायचा. ऐकण्यात चूक झाली असेल तर ‘चुकलं, परत म्हण’. आप्पांनी उभ्या नोकरीत कधी उगाच ‘बरोबर’ म्हटलं नाही, आणि उगाच ‘चुकलं’ तर नाहीच नाही. एवढ्या एका गोष्टीचा त्यांना गर्व होता म्हटलं तरी चालेल.

हा नियम त्यांनी क्वार्टरमध्येही आणला. बायको धुरपदा तळेगाव ढमढेऱ्याची, आठवडे बाजारात भाजी विकणाऱ्या घरातली. शाळा चौथीपर्यंत, इंग्रजीचा गंध नाही. पण एसटीवरच्या पाट्या आणि बियाणाच्या पिशव्या आपल्याला वाचता याव्यात अशी तिला हौस होती. भाकरी थापता थापता ती नवऱ्याकडून अक्षरं शिकली, स्टेशनं मात्र घ्यायला तयार होईना.

“तुमच्या अकोळनेराला मी कवा गेलीय?” ती म्हणाली. “माझ्या ओळखीचं घेती मी.”

आणि तिनं भाजीबाजार मांडला. डी दोडक्याचा, एच हरभऱ्याचा, पी पालकाचा, ए अळूचा. क्यूला काही मिळेना, तेव्हा क्यूची भाजी कुणी खात नाही म्हणून क्यू आला की गप बसायचं, असं तिनंच ठरवून टाकलं. रोज संध्याकाळी आप्पांनी स्टेशनांमध्ये एक शब्द सांगायचा आणि तिनं तो भाज्यांमध्ये परत म्हणायचा. शेजारी त्यांचा मुलगा गोकुळ अभ्यासाला बसलेला असायचा आणि वैतागून कानात बोटं घालायचा. ती पहिल्यांदा शिकली तिचं स्वतःचं नाव. आप्पा म्हणायचे, दौंड, हडपसर, उरुळी, रांजणगाव रोड, पाटस, अकोळनेर, दौंड, अकोळनेर. ती म्हणायची, दोडका, हरभरा, उडीद, रताळं, पालक, अळू, दोडका, अळू. बरोबर, असं आप्पा म्हणाले की ती तवा उतरवायची.

पुढंपुढं अक्षरं नसली तरी परत म्हणणं चालूच राहिलं. आप्पा म्हणाले, पंप बंद करून येतो, की ती आतून म्हणायची, पंप बंद करून येताय. एवढंच. त्याला कुणी प्रेम म्हणत नाही, पण दुसरं काय म्हणायचं तेही मला सुचत नाही.

निवृत्तीनंतर दोघं केंदूरला येऊन राहिले. गोकुळ रांजणगावच्या कंपनीत लागला आणि बायको सारिकासोबत शिरूरला राहू लागला. गेल्याच्या गेल्या वर्षी धुरपदाबाईंना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात तोंडावर मास्क लावलेला. भेटायची वेळ संपली तेव्हा आप्पा वाकून म्हणाले, सकाळी येतो, दशम्या आणतो. तिनं त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. मास्कमधून बोलणार कशी? आप्पा तसेच उभे राहिले, पण नर्सनं त्यांना बाहेर काढलं. सकाळपर्यंत ती राहिली नाही. तो एक निरोप परत म्हणायचा राहून गेला, आणि तो तिला पोचला की नाही, हे आप्पांना आजही ठाऊक नाही.

त्यानंतर घरात बोललेलं भिंतीला लागून तिथंच पडायला लागलं. गोकुळ रोज संध्याकाळी फोन करायचा. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, बरं, ठेवू? पोरगा वाईट नव्हता. शिफ्ट करून दमलेला माणूस किती बोलणार? पण आप्पांनी मेथी केली म्हणून सांगितलं तर तो ‘हां हां’ म्हणायचा, आणि हां हां म्हणजे काही परत म्हणणं नव्हे.

मग एकदा नेट बंद पडलं आणि आप्पांनी कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडं एक मुलगी होती, तेजश्री म्हणून. तिनं नाव विचारलं, नंबर विचारला, तक्रार विचारली. आणि सगळं ऐकून घेतल्यावर तिनं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत परत म्हणून दाखवलं, आणि विचारलं, बरोबर आहे ना सर? आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. बरोबर, असं ते कसंबसं म्हणाले आणि फोन बंद झाला.

त्यानंतर आप्पांचं नेट वरचेवर बिघडायला लागलं. कधी बिलावरच्या नावाची खात्री करायची असायची, कधी पत्त्याची. तक्रार खोटी असायची, पण ‘बरोबर’ मात्र खरं. मुलीनं अचूक म्हटलं की ते लगेच बरोबर म्हणून मोकळे व्हायचे, आणि तिथंच बोलणं संपायचं. नियम तो नियम.

एक दिवस फोनवरच्या त्या मुली गेल्या आणि बोलणारं मशीन आलं. आप्पांनी मशीनला नाव सांगितलं, रांजणगाव रोडपासून सगळी स्टेशनं घेतली. मशीन गोड आवाजात म्हणालं, मला समजलं नाही, आणि तक्रार नोंदवून मोकळं झालं. आप्पांना वाटलं, फिरून फिरून लावला तर एखादी मुलगी येईल. ते लावत राहिले. सिमकार्ड गोकुळच्या नावावर होतं आणि कंपनीकडं नंबरही त्याचाच दिलेला होता, त्यामुळं दर वेळी ‘तक्रार नोंदवली आहे’ असा मेसेज शिरूरला जाऊन पडायचा. इतके मेसेज आले की रविवारी गोकुळ गाडी काढून केंदूरला आला.

त्यानं नेट तपासलं आणि फोन खाली ठेवला.

“आप्पा, नेट तर झकास चालतंय. तुमची तक्रार कशाची हाय?”

आप्पांनी चहाचा कप हातात धरून ठेवला होता. “नेटची न्हाई,” ते म्हणाले.

“मग?”

“त्या पोरी परत म्हणायच्या. आपण बोललेलं. तुझी आई म्हणायची तसं. आता मशीन हाय, त्ये काय म्हणत न्हाई.”

चहा पिऊन, विहिरीची मोटर बघून गोकुळ निघून गेला. आप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची होती, ती पोरापुढं कशाला उघडली? आता सारिकाला सांगेल, दोघं मिळून डॉक्टरकडं नेतील. त्या संध्याकाळी त्यांनी चूल पेटवली नाही.

दिवेलागणीला फोन वाजला. पोचलो, गोकुळ म्हणाला. आप्पा ‘ठेवू’ची वाट बघत राहिले, पण ते काही येईना.

“कायतरी सांगा की, आप्पा,” गोकुळ म्हणाला. “स्टेशनं सांगा.”

आप्पांच्या जिभेनं आपली जुनी वाट धरली. दौंड, हडपसर, उरुळी, रांजणगाव रोड, पाटस, अकोळनेर, दौंड, अकोळनेर.

पलीकडं टीव्हीचा आवाज बारीक झाला.

“दोडका,” गोकुळ म्हणाला. “हरभरा. उडीद.” पुढं अडला. “रताळं. पालक, अळू. दोडका, अळू.”

कानात बोटं घालून बसणाऱ्या पोरानं सगळं ऐकून ठेवलं होतं. एक अक्षर इकडचं तिकडं झालं नव्हतं. आता नियमाप्रमाणं बरोबर म्हणायचं आणि फोन ठेवायचा. शब्द आप्पांच्या ओठांवर आला. समोर न पेटलेली चूल होती आणि पुढं अख्खं घर मोकळं पडलेलं होतं.

“चुकलं,” आप्पा म्हणाले. “परत म्हण.”

गोकुळनं दोडक्यापासून पुन्हा सुरुवात केली.